दुसरीच्या नावाचं पान

७ सप्टेंबर, रविवार. पौर्णिमा.

आज चंद्रग्रहण. दुपारपासून वेध. पंचांगात लिहिलं आहे की लहान मुलं, म्हातारे आणि आजारी यांना वेधात सूट. मी तिघांतली कोणीच नाही, म्हणून पाळले. अठ्ठ्याऐंशी हे वय फक्त आधार कार्डावरचं.

संध्याकाळी जप करताना हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे काळं आलं. जप मनापासून झाला की असं होतं. सुनेनं तोंडात साखर कोंबली आणि वेध मोडले. त्याचं पाप रेणूच्या माथी.

रेणू नागपूरहून आली ती पितरपाखात मदत करायला, असं तिचं म्हणणं. मला सगळं कळतं, नजर ठेवायला आली आहे. मुलानं, योगराजनं, फोनवर साफ सांगितलं: अमावास्येपर्यंत बघू. तब्येत ठीक असली तर आई तू दवनीवाड्यातच राहा, नाहीतर घट बसायच्या आत तुला नागपूरला नेतो. त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे म्हणे. लिफ्टमधून तुळस वर नेली तरी तिला माती कोण देणार? मी म्हटलं, मंजूर. या घरातून मी हलत नसते.

संकल्प. रोज सकाळी बोडीच्या, गावतळ्याच्या, पाळीपर्यंत चालायचं. कोणासमोर कण्हायचं नाही. गोळ्या अर्ध्या अर्ध्या तोडून घ्यायच्या. दुखणं आधीसारखं राहिलं नाही तर पूर्ण गोळी वाया कशाला घालवायची?

८ सप्टेंबर, सोमवार.

चालायला निघाले. फाटकापर्यंत गेले. आभाळ आलं होतं. बोडी कुठं पळून जात नाही, उद्या जाईन.

चेतना आली. गावातली आशा वर्कर, पोरगी गुणाची, पण यंत्रावर फार विश्वास. बोट टोचून साखर बघितली तर यंत्रात आकडाच येईना. म्हणाली, इतकी जास्त आहे की मशीनच्या बाहेर गेली. सरकारी यंत्र, काय बोलणार. मग तिनं रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढं लिहायला घेतलं. बीपी, शुगर, हृदय, किडनी, थायरॉइड, दमा, गुडघे, मोतीबिंदू. रकाना संपला तशी समासात लिहू लागली. मी म्हटलं, बाई, ही सगळी नावं झाली. दुखणं कुठं आहे?

तिच्या कागदावर शेवटी एक प्रश्न असतो. वृद्ध व्यक्तीला स्वतःला तब्येत कशी वाटते? मी म्हटलं, एक नंबर. तिनं तसंच लिहिलं. लिहिताना रेणूकडे बघितलं. रेणूनं छताकडे बघितलं.

९ सप्टेंबर, मंगळवार. द्वितीया.

आज पहिलं आमंत्रण. धुरपताच्या घरी.

आमच्याकडे पितराचं पान नुसतं मांडून ठेवत नाहीत. मेलेल्या माणसाच्या जागी जिवंत माणूस बसवतात. सवाष्ण गेली असली तर सवाष्ण, विधवा गेली असली तर विधवा. त्याचे पाय धुतात, गंध लावतात, आणि मेलेल्याला जे आवडायचं ते त्याला पोटभर वाढतात. आमचे हे गेले त्या वर्षापासून मी बसते आहे. गावात माझ्याएवढी मागणी दुसऱ्या कुणाला नाही. शेजारची सावित्रीबाई पण विधवा, जेमतेम सत्तरीची, पण तिला ऍसिडिटी. दोन वडे खाल्ले की ढेकर देत बसते. पितर असं ढेकर देतं का? म्हणून लोक मला बोलावतात.

धुरपता माझी मैत्रीण. सोबत धानाची रोवणी केली, सोबत म्हाताऱ्या झालो, मग तिला वर जायची घाई झाली. तिच्या सुनेनं माझे पाय परातीत घेतले आणि म्हणाली, पाय किती भरले तुमचे. मी म्हटलं, अंगावर मांस चढलं, खाल्लेलं अंगी लागतं. उडदाचे वडे, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, कढी, तांदळाची खीर. खीर दोनदा घेतली. रेणू दारात उभी राहून डोळे मोठे करत होती. पितरानं नाही म्हणायचं नसतं, मी काय करणार.

येताना सावित्रीबाई तिच्या दारात बसली होती. टोमणा मारलाच. "बाई, गावातल्या साऱ्या मेल्या सासवांचं जेवण तुमीच जेवून राहिल्या. जित्यांनी काय कराचं?"

मी म्हटलं, जित्यांनी आधी पचवायला शिकावं.

दुपारी ४.
थोडी पडले होते. उठून बघते तर सपरीवर, ओसरीच्या खांबाला टेकून, धुरपता बसली आहे. तेच निळं लुगडं. एक पाय दुमडलेला. काही बोलली नाही. जिवंतपणी तिचं तोंड क्षणभर बंद नसायचं. मी म्हटलं, जेवण पोचलं ना तुला? तिनं मान हलवली नाही, नुसती बघत राहिली. रेणूनं स्वयंपाकघरातून विचारलं, आई, कोणाशी बोलता? मी म्हटलं, मांजराशी. डोळा एकच चालतो, पण त्या एका डोळ्यानं मला दोन डोळ्यांच्या माणसांपेक्षा जास्त दिसतं, हे रेणूला सांगून उपयोग नाही.

१० सप्टेंबर, बुधवार.

गुडघ्यानं आज चालायला नाही म्हटलं. त्याला एक दिवस सुट्टी दिली. बोडीला उद्या.

रात्री पाठ टेकली की छातीत पाणी भरल्यासारखं होतं, म्हणून मी बसूनच झोपते. याचा फायदा असा की जप सुरूच राहतो. झोपून झोपणाऱ्यांना हे जमत नाही.

धुरपता अजून गेलेली नाही. आली तेव्हा एका दिवसाची पाहुणी वाटली होती.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. पंचमी.

मुन्नालालच्या घरी. किराण्याचं दुकान आहे त्याचं, त्याची माय मागच्या साली गेली. पहिलंच वर्ष, म्हणून स्वयंपाक भरपूर. सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, गुळाच्या पाकातल्या, मी चार खाल्ल्या. नंतर दम लागल्यासारखा आला, तो बसायच्या पाटामुळे. पाट फार ठेंगणा होता.

वाढून झालं आणि मुन्नालाल माझ्यापुढं खाली बसला. मोठा माणूस, टक्कल पडलेलं, डोळे भरलेले. माझे पाय धरले. मला वाटलं नमस्कार करून उठेल. उठला नाही.

"माय, म्या तुले नागपूरले नाही नेलं. थो डॉक्टर म्हणत होता, ने म्हणून. म्या म्हटलं, धान कापून होऊ दे. माय, राग नको धरजो."

घरातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. अशा वेळी पितरानं फक्त म्हणायचं असतं, पोट भरलं. मी म्हटलं, "पोट भरलं रे बाप्पा." एवढंच. तो लहान पोरासारखा रडला. मला त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण हात उचलताना आधी जड झाला आणि मग माझा वाटेना. कुणाचा होता ते लिहीत नाही.

घरी आले तर सपरीवर दोघी. धुरपता खांबाशी, मुन्नालालची माय तिच्या पलीकडं. तिचे पाय माझ्यासारखेच सुजलेले. मी तिला म्हटलं, तुझ्या पोरानं माफी मागितली, आता जा बाई. ती जाऊन नाही राहिली.

१३ सप्टेंबर, शनिवार.

आज चेतना पुन्हा आली. बीपी बघून म्हणाली, आजी, अर्ध्या गोळ्या का घेता? रेणूनं चुगली केली. मी सांगितलं, वाटतं ते घेते, माझ्या अंगाला मला विचारता येतं. अंगाला विचारलं तर ते काय म्हणालं, हे चेतनानं विचारलं. मी म्हटलं, अंग म्हणालं, चाललं आहे, बरं आहे. चेतना हसली नाही. म्हणाली, गोंदियाला मोठ्या डॉक्टरला दाखवा, लवकर.

रेणूनं लगेच नागपूरला फोन लावला. म्हणजे आता परीक्षा. चांगलंच झालं. डॉक्टरच्या तोंडून एकदा निघालं की योगराज गप्प बसेल.

१५ सप्टेंबर, सोमवार. नवमी.

आज सवाष्णींचा दिवस, मला काम नाही. सावित्रीबाई येऊन बसली. तिला एकच गोळी, ती पण पोटासाठी, आणि चेहरा असा की जणू आजच खाटेवर पडणार. मला तिची कीव येते. म्हटलं, माझ्याकडे बघ, नऊ गोळ्या आणि एकाही दुखण्याचं नाव काढत नाही. ती म्हणाली, "नाव नाही काढत म्हणूनच नऊ झाल्या." तोंडाची फटकळ. पण जाताना माझ्या पायांवर तेल लावून गेली. मला तिचा हात कुठं लागला ते कळलं नाही, फक्त दिसलं.

ती सपरीवर बसली होती, अगदी त्या दोघींच्या मधोमध. तिला काही दिसलं नाही. त्यांनी तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. दोघी माझ्याकडेच बघत होत्या.

१६ सप्टेंबर, मंगळवार. दशमी.

उदारामच्या काकूचं पान. घर चार घरं सोडून. जाताना दोनदा बसले. कुणी बघितलं नाही, रेणू सोडून. खाल्लं थोडं, पण पितर म्हणून लाज राखली. घरी येताना उदारामनं मोटारसायकलवर बसवलं. तो पुढं, मी मध्ये, मागून रेणूनं पाठ धरली होती. नवरीसारखी आले.

सपरीवर आता तिघी. मी नीट विचार केला आहे. मी ज्यांची पानं खाल्ली त्या इथं येऊन बसतात. काऊन? घाबरावं असं काही नाही, देवघर जवळ आहे. पण त्या बसतात कशा, ते मला खटकतं. गोंदियाची बस यायची असली की स्टँडवर बाया बसतात, पिशवी मांडीवर घेऊन, कुणाच्या तरी यायची वाट बघत, तशा. मला वाटतं माझी तब्येत बघून त्यांना नवल वाटत असावं. आपल्या वयाची बाई अजून चालते, फिरते.

१७ सप्टेंबर, बुधवार. एकादशी.

संध्याकाळी ६.
जिंकले.

योगराज सकाळीच गाडी घेऊन आला. गोंदियाला गेलो. डॉक्टरनी छातीची पट्टी काढली, पोटावर थंडगार मलम लावून मशीन फिरवलं, पायावर बोट दाबलं. खड्डा पडला तो बराच वेळ तसाच राहिला. मग योगराजला बाहेर घेऊन गेले. बराच वेळ बोलत होते. नक्की माझ्या वयावरून चर्चा झाली असणार.

आत आल्यावर डॉक्टरनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हिंदीत बोलतात, पण माणूस सज्जन. म्हणाले, "माताजी, अब कोई परहेज नहीं. जो मन करे वो खाइए. घर में रहिए, आराम से."

रेणूचं तोंड बघण्यासारखं होतं.

नऊ गोळ्यांतल्या सात बंद. फक्त दोन ठेवल्या, एक छातीसाठी आणि एक झोपेसाठी. नऊच्या दोन झाल्या म्हणजे सात रोग गेले, हे माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या बाईला सांगावं लागत नाही. मीठ चालेल, गोड चालेल. मी विचारलं, आणि नागपूर? डॉक्टर म्हणाले, कहीं जाने की जरूरत नहीं.

परतताना गाडीत योगराज नाक ओढत होता. एसी बंद कर म्हटलं, सर्दी होईल. रस्त्याच्या दोन्ही अंगाला धान पोटरीत आलं आहे. या साली चांगलं दिसतं. मी त्याला म्हटलं, मान्य ना आता? तो म्हणाला, हो आई. राहा तू घरीच.

१८ सप्टेंबर, गुरुवार.

संपूर्ण घराचा सूर बदलला. यश मिळालं की माणसं कशी नरम येतात बघा. योगराजनं महिनाभर सुट्टी टाकली. मुर्रीहून भाचा भोजराज आला, सफरचंदं घेऊन, ज्यानं चार वर्षांत फोन केला नाही तो. पाया पडला, फोटो काढला. नातवानं पुण्याहून व्हिडिओ कॉल केला आणि म्हणाला, आजी, रविवारी येतो. मी म्हटलं, दिवाळीला ये, आता कशाला भाडं घालवतो. तो म्हणाला, नाही, रविवारीच.

दुपारी रेणू जवळ येऊन बसली. विचारलं, आई, तुम्हाला खायला सगळ्यात जास्त काय आवडतं? एवढी वर्षं झाली तिच्या लग्नाला, हे कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, कढी, पण पातळ. कोचईची वडी, पण चिंच कमी. खीर गुळाची नको, साखरेची. ती ऐकत होती, फार लक्ष देऊन. माझी किंमत उशिरा कळली, पण कळली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.

खाटेवरून उठले नाही. विश्रांती. परहेज नाही तर विश्रांतीलाही परहेज नाही. पायांतून पाणी पाझरतं आहे, चादर ओली होते. म्हणजे सूज निघून जाते आहे. चेतनानं पट्टी बांधली. तिनं आज यंत्र काढलंच नाही. मी म्हटलं, साखर बघत नाहीस? म्हणाली, आता नको आजी, उगाच टोचायचं कशाला.

तिघी आता सपरीवर नाहीत. उंबऱ्यापर्यंत आल्या आहेत. उंबऱ्यावर बसू नये, हे यांना कुणी शिकवलं नाही. मी बरी झाले आहे, असं मी त्यांना मोठ्यानं सांगितलं. एकीनंही उठायचं नाव घेतलं नाही. रेणू धावत आली. तिचा हात धरून ठेवला मी.

दिवाळीपर्यंत बोडीची पाळ, हे नक्की.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपितरी अमावास्या.

आज आमच्या घरची पितरं. ह्यांच्या जागी उदाराम बसला. माझ्या सासूबाईंच्या जागी विधवा हवी होती, त्या पानावर सावित्रीबाई. छपरावर कावळ्यांसाठी कागुराचा घास टाकला तो लगेच उचलला गेला. नातू आला. मला खाटेवरून उतरवून खुर्चीत बसवलं, सगळं दिसेल असं.

जेवणं झाली. सावित्रीबाई सुपारी कातरत माझ्या खुर्चीशी येऊन बसली. आज ढेकर दिला नाही. बराच वेळ सुपारीच कातरत होती, मग विचारलं, "बाई, कढीत तुमाले गूळ चालते का बिनगुळाची?"

मी म्हटलं, चालतो थोडा. का?

"सांगून ठेवा म्हटलं. रेणूनं मले बोलून ठेवलं ना. पुढच्या सालचं."

पुढच्या सालचं काय, मी विचारलं.

ती सुपारीकडे बघत राहिली. तिला वाटलं असावं मला माहीत आहे. "पानावर बसाचं," म्हणाली. "तुमच्या. आता गावात आपल्यातली दुसरी उरली कोण?"

 मग सांगितलं, वडे दोनच घे, पण गार करून खाऊ नको, रेणूला वाईट वाटेल. योगराज पाया पडायला आला की लगेच उठवू नकोस त्याला. तो रडला तर रडू दे. मग म्हणायचं, पोट भरलं. दुसरं काही बोलायचं नाही. ती हो हो म्हणत होती. मग मी डोळे मिटले. दम लागला होता.

२२ सप्टेंबर, सोमवार. घट बसले.

रेणूनं बसवले. मी खाटेवरून बघितलं.

नातू सकाळच्या गाडीनं गेला. योगराज पायाशी येऊन बसला आणि पाय दाबू लागला. मी त्याला म्हटलं, मला नागपूरला ने. चौथा मजला चालेल. मोठ्या दवाखान्यात दाखव. गोळ्या पूर्ण घेईन, अर्ध्या नाही. कापायचं म्हणाले तर कापू दे. मी कण्हणार नाही.

त्याचे हात थांबले. रेणू दारात होती, ती आत गेली.

तो म्हणाला, "आई, तुलाच इथं राहायचं होतं ना."

मी म्हटलं, होतं.

डॉक्टरनी रस्ता झेपणार नाही म्हटलं आहे, असं तो म्हणाला. हळू म्हणाला, मुन्नालालसारखा नाही, पण तोंड तसंच झालं होतं. मला त्याच्याकडून आणखी काही ऐकायचं नव्हतं. तो पुन्हा पाय दाबू लागला. मला तिथं काही लागत नव्हतं.

त्यानं विचारलं, बरं वाटतं का?

मी म्हटलं, हो रे. फार बरं वाटतं.